अंदाजे साडेचार किलो

प्रिय ढब्बू,

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे चार वाक्यांत सगळा कारभार उरकावा लागतो. पाचव्या वाक्याला तू म्हणतेस, "ताई, नळी चालू आहे, वाफे भरून वाहतील, ठेवते," आणि ठेवूनही देतेस. तुझ्या रोपवाटिकेतलं पाणी नेमकं माझा फोन आला की कसं भरून वाहतं, हे मला आजवर कळलेलं नाही. शिवाय जे सांगायचंय ते सांगताना माझा आवाज नीट राहील याची मला खात्री नाही, आणि माझा आवाज जरा हलला की तू विषय बदलतेस. कागदावर तुला विषय बदलता येणार नाही, म्हणून लिहायला बसले आहे. आज आमच्या सोनोग्राफी केंद्राला सुट्टी आहे. मायलेकी आतल्या खोलीत गाढ झोपल्यात. जावईबापू गच्चीवरचे लंगोट काढायला गेलेत. चौकटीवर डोकं आपटल्याचा आवाज आत्ताच आला. एवढा उंच माणूस राहायला आल्यापासून घरातली दारंच बिचारी घाबरून असतात.

तुझी नात मजेत आहे. हो, नातच. मावसआजी म्हणवून घ्यायला तुला आवडणार नाही हे ठाऊक आहे, पण त्याला आता इलाज नाही. डोळे कुणासारखे यावर अजून मतभेद आहेत, भूक मात्र निर्विवाद तिच्या आईची आहे. आठवतं ना, खारू लहानपणी गालात घास साठवून ठेवायची आणि तासाभरानं गिळायची? त्यावरून तूच तिचं नाव खारूताई ठेवलंस. तीच खारू आता पोरीला पाजताना घड्याळाकडे बघून म्हणते, "आई, ही थांबतच नाही गं." मी म्हणते, भोग आपल्या कर्माची फळं.

पण सुरुवातीपासून सांगते, कारण तुला आम्ही फक्त शेवट सांगितला, आणि तोही अर्धाच.

सातव्या महिन्यापर्यंत सगळं नीट चाललं होतं. पुढं खारूचं पोट असं वाढायला लागलं की ती जेवताना ताट पोटावर ठेवायची आणि म्हणायची, "टेबल सोबत घेऊन फिरते मी." साखर तपासली, ती व्यवस्थित होती. बाळंतपणाच्या डॉक्टर, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी बाहेरून पोट मापलं आणि सोनोग्राफी करून घ्यायला सांगितलं. आता सोनोग्राफी म्हणजे माझंच दुकान. पण मी पहिल्यापासून ठरवलं होतं की खारूची तपासणी मी करायची नाही. माझ्या हाताखाली एक तरुण डॉक्टरीण आहे. तिची प्रत्येक रेघ सरळ, प्रत्येक अक्षर सरळ, चालणंसुद्धा सरळ. मी मनातल्या मनात तिला फुटपट्टी म्हणते. खारूला मी फुटपट्टीच्या हवाली केलं आणि स्वतः उशाशी स्टुलावर बसले, नुसती आई म्हणून.

तुला आमचं काम कधी नीट सांगितलंच नाही मी. खोलीत अंधार करतो. पोटावर गार जेल लावतो, त्यानं सगळ्याच बायका दचकतात आणि मग हसतात. पडद्यावर करड्या ढगांतून बाळ दिसतं. त्याच्या डोक्याचा घेर मोजायचा, पोटाचा घेर मोजायचा, मांडीच्या हाडाची लांबी मोजायची, आणि यंत्र त्यावरून वजन सांगतं. लोकांना वाटतं आत तराजू आहे. तसं काही नसतं गं. एखादा भोपळा गोणपाटाखाली झाकलेला असावा आणि वरून चाचपून तू त्याचं वजन सांगावंस, तसला प्रकार. तुझ्यासारख्या हाताचा अंदाज बरा निघतो, पण निघतो तो अंदाजच. त्यातून बाळ जितकं मोठं, तितका आमचा अंदाज जास्त डळमळतो. म्हणजे जिथे नेमकं माप हवं, तिथेच ते हाताला लागत नाही.

फुटपट्टीनं पोटाचा घेर घेतला आणि ती गप्प झाली. ते गप्प होणं मला चांगलं ओळखीचं आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकींच्या उशाशी मी तशी गप्प झाले आहे, आणि त्यांच्या आया माझ्या तोंडाकडे बघत बसल्या आहेत. तिनं परत मोजलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, अंदाजे साडेचार किलो येतंय. आणि अजून दिवस बाकी आहेत." खारू हसायला लागली. म्हणाली, "त्याच्या बापाकडे बघा एकदा, मग मला दोष द्या." जावईबापू कोपऱ्यात उभे होते, ते उगीचच जरा वाकले. मीही हसले. पण ढब्बू, हसताना मला त्या खोलीत तूच दिसत होतीस.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी खारूला परत आत घेतलं. म्हटलं, फुटपट्टी नवीन आहे, एकदा मी बघते. ती नवीन नाही, आणि हे खारूलाही माहीत आहे. पण ती आडवी झाली. मी पोटाचा घेर धरला, चित्र थांबवलं आणि कडेला मापाचे ठिपके ठेवायला लागले. सव्वाचार आलं. मला बरं वाटलं. परत ठेवले. चारच्या जरा वर आलं. अजून बरं वाटलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझा हात ठिपका कातडीच्या कडेवर ठेवतच नव्हता. दर वेळी थोडा आत, अजून थोडा आत. मी बाळाचं पोट मोजत नव्हते, मला हवं ते वजन मोजत होते. इतकी वर्षं हे काम केलं, असं कधी झालं नव्हतं. मी ती सगळी मापं पुसली, जेल पुसलं आणि म्हटलं, "फुटपट्टीचंच बरोबर आहे." खारू उठून बसली, माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, तू मावशीचा विचार करतेयस ना?"

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मी तिला फोन करते. तिलाच विचारते." मी म्हटलं, मुळीच नको. तिला कशाला त्रास, तिला वाईट वाटेल. तर खारू म्हणाली, "तिला वाईट वाटेल की तुला?"

आपल्या घरात तुझ्या हाताबद्दल कुणी कधी बोललंच नाही. तू जन्मलीस तेव्हा मी दुसरीत होते. बाबा शेजाऱ्यांकडे मला न्यायला आले आणि म्हणाले, "बहीण झालीय तुला. ढब्बू आहे नुसती." तेच तुझं नाव पडलं, आणि पुढे काडीसारखी झालीस तरी सुटलं नाही. पावणेपाच किलोची होतीस म्हणे, दवाखान्यातली माणसं मुद्दाम बघायला यायची. आई तुला घेऊन घरी आली तेव्हा तुझी डावी बाही झबल्याला पिनेनं अडकवलेली होती. मी विचारलं, हे काय. आई म्हणाली, "खांदा अडकला होता बाहेर येताना. दमलाय तिचा हात. आराम करतोय." मी किती तरी दिवस वाट बघितली, त्याचा आराम कधी संपतो म्हणून. मग विचारायचं बंद केलं. सगळ्यांनीच बंद केलं. न बोलता आपण सगळे शिकलो, पेला तुझ्या उजवीकडे ठेवायचा, तुझ्या डाव्या अंगाला बसायचं, बरणीचं झाकण आधीच सैल करून ठेवायचं. पाहुण्यांनी विचारलं की आई म्हणायची, "चहा घेणार ना?" आम्हाला वाटायचं, आपण तुझी काळजी घेतोय. आणि तू मात्र अंगणात दोरीचं एक टोक खांबाला बांधून, दुसरं मला फिरवायला लावून, मधे उड्या मारायचीस आणि वर माझ्यावरच ओरडायचीस, "ताई, हात चालव की जरा!" आता कलमं बांधताना दोऱ्याचं टोक दातात धरतेस, तेव्हाही तुझ्या तोंडावर तोच रुबाब असतो.

एक गोष्ट तुला मी कधी सांगितली नाही, ती आता सांगते. माझं केंद्र सुरू झालं तेव्हा आई बघायला आली होती. मी कौतुकानं तिला यंत्र दाखवलं. एक बाई तपासणीला आल्या होत्या, त्यांच्या परवानगीनं आईला बाळही दाखवलं. आई पडद्याकडे बघत राहिली. त्या बाई गेल्यावर तिनं विचारलं, "हे तेव्हा असतं, तर आधी कळलं असतं का?" कशाबद्दल विचारतेय ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी म्हटलं, बाळ मोठं आहे हे कळलं असतं. हात वाचला असता का, ते मला सांगता येणार नाही. कधी मोठी बाळं अलगद येतात आणि कधी बेताची अडकतात. आई म्हणाली, "मला वाटायचं, मी जोर कमी लावला." मी चटकन म्हटलं, "नाही गं आई, उलट खांदा अडकल्यावर जोर लावून काही होत नसतं." ती पदरानं डोळे टिपून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. चहा कर." एवढंच. तिच्या मनात इतकी वर्षं काय होतं, हे मला त्या एका वाक्यात समजलं. तुला सांगायला हवं होतं, पण आपल्याकडे ते बोलायची रीतच नव्हती ना.

तर मोठ्या बाईंकडे आम्ही तिघं गेलो. त्यांच्या टेबलावर कापडी बाहुली असते आणि प्लास्टिकची कमरेची हाडं. जावईबापूंनी ती बाहुली हातात घेतली आणि पूर्ण वेळ तिला थोपटत बसले. मोठ्या बाई उगीच धीर देणाऱ्यांतल्या नाहीत आणि घाबरवणाऱ्यांतल्याही नाहीत. म्हणाल्या, "हा साडेचारचा आकडा चार असू शकतो, पाचही असू शकतो. मोठी बाळं बहुतेक नीट होतात. काहींचा खांदा अडकतो. त्यातली बहुतेक आम्ही सोडवतो, काहींच्या हाताची शीर ताणली जाते. आता तीन वाटा आहेत. थांबायचं, थोड्या आधी कळा आणायच्या, नाहीतर सरळ ऑपरेशन. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हे विचारू नका, कारण मी तुमच्या जागी नाही." जावईबापूंना ऑपरेशन हवं होतं. मला काय हवं होतं तेच मला कळत नव्हतं. डॉक्टर म्हणून एक म्हणत होते, आई म्हणून दुसरं, आणि तुझी ताई म्हणून तिसरंच. खारूनं सगळं ऐकून घेतलं, शंका विचारल्या, दोन दिवस घरात येरझारा घातल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली, "मी थोड्या आधी कळा आणून घेणार. ते जास्त वाढायच्या आत. आणि आई, तू खोलीत असशील, पण पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघायचं."

ठरल्याप्रमाणे दाखल झालो. खोली उजेडाची होती, खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसत होतं. पहिला अर्धा दिवस कंटाळ्यातच गेला. खारू आणि जावईबापू पत्ते खेळत होते आणि ती सरळसरळ फसवत होती. मग कळा खऱ्या सुरू झाल्या आणि पत्ते कुठल्या कुठे गेले. मी तिच्या डोक्याशी उभी होते. मोठ्या बाईंनी आधीच सगळ्यांच्या जागा नेमून दिल्या होत्या. एरवी त्या खोलीत दोन सिस्टर असतात, त्या दिवशी जास्त होत्या, बाळांचे डॉक्टरही दारात तयार होते. तो आकडा खरा होता की खोटा कुणास ठाऊक, पण त्या आकड्यानं एवढी माणसं मात्र गोळा केली होती.

भर दुपारी डोकं बाहेर आलं. सगळ्यांनी "आलं, आलं" म्हटलं. आणि मग कासवानं मान आत ओढावी तसं ते मागे सरकलं. मला त्याचा अर्थ माहीत होता. मी पुस्तकात वाचला होता, आपल्या घरात पाहिला होता, पण डोळ्यांसमोर घडताना कधी बघितला नव्हता. मोठ्या बाई म्हणाल्या, "खांदा." अगदी जेवताना कुणी "मीठ" म्हणावं, तेवढ्याच आवाजात. दोन सिस्टरांनी खारूचे गुडघे तिच्या पोटाशी आणले. तिसरीनं ओटीपोटाच्या खाली तळहातानं दाबलं. "आता जोर लावू नकोस बाळा," मोठ्या बाई खारूला म्हणाल्या, "आता माझं काम." खारूनं माझं मनगट असं धरलं होतं की त्यावर तिची बोटं पुढे आठवडाभर उमटलेली होती. मी सांगितल्याप्रमाणे तिच्या तोंडाकडेच बघत होते. ती माझ्याकडे बघत होती. जावईबापू भिंतीला टेकून उभे होते आणि पहिल्यांदाच लहान दिसत होते. मोठ्या बाईंनी आत हात घालून बाळाचा मागचा हात अलगद बाहेर काढला, आणि त्याबरोबर सगळं बाळ सुटलं. क्षणभर काही नाही. मग डॉक्टरांनी पाठ चोळली आणि असा आवाज आला, ढब्बू, असा आवाज, की मैदानातली पोरंसुद्धा खिडकीकडे बघायला लागली असतील.

वजन भरलं चार किलो शंभर. साडेचार नव्हेच. म्हणजे माझी लबाडी फुटपट्टीच्या सरळ मापापेक्षा खऱ्याच्या जवळ निघाली. हे मी तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस, ती निराश होईल. आणि तसं बघितलं तर तिचंच बरोबर होतं. आकडा चुकला, पण इशारा चुकला नाही. मोठ्या बाई हात धुताना म्हणाल्या, "चार किलो असताना अडकलं. अजून पंधरा दिवस थांबलो असतो तर काय, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही." तेव्हा मला आई आठवली, आणि वाटलं, आत्ता ती इथं असती तर तिनं हे ऐकून काय म्हटलं असतं. बहुतेक चहाच मागितला असता.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तू विचारलंस, "दोघी बऱ्या?" मी म्हटलं, हो, छान आहेत. तू म्हणालीस, "मग रडतेस कशाला?" मी म्हटलं, आनंदानं. तू पाण्याचं कारण सांगून फोन ठेवलास. नंतर आम्ही पाठवलेल्या सगळ्या फोटोंत बाळ मानेपर्यंत गुंडाळलेलं होतं. तू विचारलं नाहीस. पण तुझ्यासारख्या बाईला ते कळलं नसेल असं मी कशी म्हणू?

बाळाचा डावा हात हलत नव्हता, ढब्बू. बोटं हलत होती, माझं बोट दिलं तर घट्ट धरायची, पण दंड आणि कोपर तसंच अंगाशी पडून. शिरांच्या डॉक्टरांनी पाहिलं. म्हणाले, शीर तुटलेली नाही, ताणलेली आहे. बोटांत आणि मनगटात जोर आहे, ही चांगली खूण. अशी बहुतेक बाळं काही महिन्यांत बरी होतात. व्यायाम दाखवले, आता दर लंगोट बदलताना आम्ही ते करतो, आणि जावईबापूंना ते सगळ्यात चांगले जमतात. आणि आता खरी बातमी. गेल्या आठवड्यात आंघोळीनंतर ती टॉवेलवर पडली होती, जावईबापूंनी काहीतरी चुकीचं गाणं म्हटलं आणि तिनं डावं कोपर वाकवलं. कुणी धरून नव्हे, खरंच स्वतः, हात तोंडाकडे नेण्यासाठी. पोहोचला नाही, मधेच पडला. तिनं परत नेला. आम्ही तिघंही तिथंच फरशीवर बसून राहिलो. शिरांचे डॉक्टर म्हणाले, कोपर इतक्या लवकर वाकलं म्हणजे फार छान. खांदा अजून उचलत नाही. तो उचलेल की नाही, किती उचलेल, ते आत्ता कुणी सांगू शकत नाही.

आता हे सगळं तुला का लिहितेय ते सांगते. सगळे खारूला म्हणतात, होईल बरं. शेजारी म्हणतात, सिस्टर म्हणतात, मी तर डॉक्टर म्हणूनही म्हणते आणि आई म्हणूनही. काल ती बाळाच्या अंगात झबलं घालत होती. कुठली बाही आधी घालायची तेच तिला समजेना, बाळ रडलं, तीही रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली, "आई, बरं होईल असं सांगणारी माणसं या घरात भरपूर आहेत. बरं नाही झालं तर कसं असतं, हे सांगणारं मला एक माणूस हवंय. मला मावशी हवीय. तिला बोलाव, आणि या वेळी नाही म्हणू नकोस." म्हणून हे पत्र. तू ये. मदतीला म्हणून नको, भांडीकुंडी आम्ही बघू. ती बाही आधी कुठल्या हातात घालायची ते दाखवायला ये. कुठला व्यायाम दुखतो आणि तरी करायचा, आणि कुठला नुसताच दुखतो, ते सांगायला ये. आणि मलाही विचारायचंय, जे आपल्या घरात कुणी कधी विचारलं नाही. दुखायचं का गं तुला? आम्ही गप्प बसायचो तेव्हा राग यायचा का? आम्ही झाकणं सैल करून ठेवायचो ते तुला हवं होतं, की नको होतं? तू रागावलीस तरी चालेल, मी ऐकून घेईन. फक्त आत स्वयंपाकघरात नेऊन, दार लोटून सांगू नकोस. इथं बाहेरच्या खोलीत, पोरीला मांडीवर घेऊन, तिच्यासमोर मोठ्यानं सांग. तिला आत्ता एक अक्षर कळायचं नाही. पण या घरात हाताबद्दल बोलतात, हे तिला पहिल्यापासून माहीत असू दे.

वाट बघतेय.

तुझीच,
ताई